गडगनेराची वांगी

आमच्या नागपूरकडे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला मोठी आई म्हणतात. ती मोठी होती, एवढं मला मान्य आहे. 'आई' या शब्दाचं तिने काय केलं ते मी सांगणार आहे. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, भिंतीवरच्या तिच्या फोटोला चंदनाचा हार आहे, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं माझी चुलत भावंडं मला दर भेटीत सुचवतात. ती जिवंत असतानाही मी हेच बोलत होते, तेव्हा माझ्या बाबतीत हा नियम लावू नये.

भांडण एका पातेलीभर आंबिलीचं होतं. भांडण म्हणायचं ते माझ्या बाजूने. आईच्या बाजूने नुसतं गप्प बसणं होतं. मला तेच जास्त लागलं.

साठच्या दशकातले ते दुष्काळाचे दिवस. बाबा गिरणीत कामाला होते आणि आम्ही तिघं गणेशपेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. रेशनच्या दुकानाला आमच्याकडे कंट्रोल म्हणतात, आणि आमचं सगळं पोट त्या कंट्रोलवर होतं. तिथे परदेशातून जहाजाने आलेला लाल गहू मिळायचा, आणि ज्वारीच्या जागी मिळायची मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतली तांबडी ज्वारी. तिकडे ती डुकरांना घालतात असं सगळे म्हणायचे. कंट्रोलच्या रांगेत उभं राहून म्हणायचे आणि पिशवी भरून घरी न्यायचे. तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता, भाकरी थापता थापता फाटायची. आई आधणाचं पाणी घालून पीठ मळायची आणि भाकरीच्या कडा बोटांनी सांधत बसायची. कोणी काहीही म्हणो, मला ती लाल भाकरी आवडायची. भूक असली की आवडते.

मोठी आई महालात, नागपूरच्या जुन्या वस्तीत, राहायची. मोठे बाबा सरकारी कचेरीत होते, पण घरातलं धान्य त्यांच्या पगारातून येत नव्हतं. मोठ्या आईचं माहेर काटोलकडचं, भरल्या वावराचं. संक्रांतीच्या सुमारास तिचा भाऊ ज्वारीची, तुरीची, गव्हाची पोती आणून टाकायचा आणि तिची कोठी वर्षभरासाठी भरून जायची. भावाने बहिणीला द्यावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तिच्या 'गावरानी' म्हणण्याबद्दल आहे. आमची ज्वारी गावरानी, आमचं तूप गावरानी, आमच्या पोट्ट्यांची हाडं गावरानी. आम्ही गेलो की ती आमच्यासमोर ज्वारी सुपात घ्यायची, पाखडायची, ओंजळीत धरून दाखवायची, आणि मग पुन्हा कोठीत टाकायची.

देशात धान्य कमी आहे, सोमवारी रात्रीचं जेवण सोडा, असं रेडिओवर सांगितलं गेलं तेव्हा मोठ्या आईने ते फार मनावर घेतलं. दर सोमवारी संध्याकाळी तिच्या घरी साबुदाण्याची उसळ, भगर, शिंगाड्याचा शिरा आणि वर दूध-केळी असायची. देशासाठी एवढं करायलाच पाहिजे असं ती शेजारणींना सांगायची. आमच्याकडेही कितीदा तरी संध्याकाळी चूल पेटत नसे, पण ते आम्ही कोणाला सांगत नव्हतो, कारण ते देशासाठी नव्हतं.

भरल्या कोठीजवळ बसून शुद्ध-अशुद्धाच्या गोष्टी करणाऱ्या माणसांचा मला आजही संताप येतो. हल्ली तर असे फार भेटतात.

तर आंबील. गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या थोरल्या घरी बसायच्या. धाकट्या घराने नैवेद्याची आंबील करून न्यायची असा आमच्या घराण्याचा रिवाज होता. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायच्या, त्यात खोबरं, मिरची घालायची. दिसायला साधा पदार्थ, पण आमच्याकडे महालक्ष्मीचं ताट त्याच्यावाचून पुरं होत नाही. आईला आंबील करायलाही आवडायची आणि खायलाही. सबंध वर्षात त्या मोठ्या घरात तिचं म्हणून काही जायचं ते एवढंच.

त्या वर्षी घरात ज्वारीचा दाणा नव्हता. आई आधीच्या आठवड्यात महालात जाऊन आली. मागितलं नाही, कारण मागणं तिला जमत नव्हतं, पण यंदा आंबिलीचं कसं करावं असा विषय तिने काढून पाहिला. मोठ्या आईने यंदा आमचंच पुरतं की नाही असं सांगितलं आणि विषय बदलला. मग आईने मिलो घेतली. रात्रभर भिजवली, उखळात कांडून तिचं लाल टरफल जमेल तेवढं काढलं, पाण्यामागून पाणी बदलत धुतली. इतकं करूनही आंबील गुलाबीसर झाली. आईने तिच्यावर खोबरं जास्त घातलं, म्हणजे पांढरी दिसेल. पातेलीला धुतलेलं फडकं बांधलं आणि पदराखाली धरून आम्ही दोघी गणेशपेठेतून महालात चालत गेलो. वाटेत तिने मला दोनदा विचारलं की रंग फार तर दिसत नाही ना. मी नाही म्हणाले.

महालक्ष्म्यांपुढे नैवेद्याचं ताट मांडलेलं होतं, आजूबाजूला नात्यातल्या, गल्लीतल्या बाया बसलेल्या होत्या. आई पातेली घेऊन पुढे गेली, फडकं सोडलं, आणि वाटीत आंबील वाढायला वाकली. मोठ्या आईने ताटावर हात आडवा धरला. पाची बोटं पसरून, बांगड्या कोपराकडे सारून.

"राहू दे वं," ती म्हणाली. "कंट्रोलचं चालत नाही देवीले."

आई वाकलेलीच राहिली, हातात भरलेला डाव. मोठी आई आत गेली आणि पांढरीशुभ्र आंबिलीची वाटी घेऊन आली, आणि ती ताटात ठेवली. म्हणजे तिने आधीच करून ठेवली होती. आई काय घेऊन येणार हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही तिने तिला येऊ दिलं, फडकं सोडू दिलं, सगळ्यांसमोर वाकू दिलं. ओंजळभर ज्वारी आधी दिली असती तर काही बिघडलं नसतं. पण मग तो आडवा हात धरायला मिळाला नसता.

आईने पातेली स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि पदर खोचून पोळ्या लाटायला बसली. पंगती उठेपर्यंत ती लाटत होती. माझी चुलत भावंडं माझ्याकडे पाहून 'मिलो, मिलो' करत होती, आणि ते नाव मला पुढे कितीतरी वर्षं चिकटलं. संध्याकाळी आम्ही पातेली तशीच परत आणली. बाबांनी आणि मी ती आंबील खाल्ली. चांगली झाली होती. आईने घेतली नाही.

मी तिला विचारलं की तू काही बोलली काहून नाही. ती भांडी विसळत होती.

"काय बोलू वं?" ती म्हणाली. "कंट्रोलचंच होतं नं ते."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्याच खऱ्याने मला पुढे किती छळलं ते माझं मला माहीत. मोठ्या आईने खोटा आळ घेतला असता तर त्याला उत्तर असतं. तिने जे होतं तेच म्हटलं होतं, फक्त चार बायांसमोर म्हटलं होतं, आणि आईकडे त्याला उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून आईने घरात आंबील केली नाही. पुढे बरे दिवस आले, चांगली ज्वारी मिळू लागली, तरी नाही. मी कधी कर म्हटलं तर आता मन होत नाही म्हणायची. मला तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती. आईला एकदा, एकदाच, त्या बाईला उत्तर देता यावं.

मग हायब्रीड आलं. सरकारची माणसं गावोगाव फिरली, संकरित बियाणं, युरियाच्या गोण्या, आणि ज्वारीची कणसं भरू लागली. मोठ्या आईच्या भावानेही सगळ्या वावरात हायब्रीड पेरलं आणि माडी बांधली. मोठ्या आईने त्याला सांगितलं की माझ्यापुरता बांधाकडचा एक पट्टा गावरानी ठेव, शेणखतावरचा. तो पट्टा तिच्या घरी यायचा आणि बाकीचं वावर बाजारात जायचं. म्हणजे आमच्या घरी. तिच्या पोटात शेणखत आणि आमच्या पोटात युरिया, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. उलट हायब्रीड खाऊन लोकांची पोट्टी कशी निसत्त्व झाली हे ती आम्हालाच समजावून सांगायची. तिचा पुरावा पक्का होता. पाखरं गावरानी कणसावर बसतात, हायब्रीडवर बसत नाहीत. "चिमणीले समजते, अळीले समजते," ती म्हणायची, "एका माणसालेच समजत नाही."

मी उंच झाले. हडकुळी आणि उंच. वर्ध्याचं एक स्थळ मला पाहायला आलं तेव्हा घरातली थोरली म्हणून मोठी आई येऊन बसली होती. मुलाच्या आईने माझ्या उंचीचं कौतुक केलं, तर ही हसून म्हणाली की हायब्रीड वाढलं पहा आमचं, उंची आली पण कस नाही आला. सगळे हसले. वर्ध्याहून पुढे काही कळवलं गेलं नाही. त्यांना दुसरं काही खटकलं असेल, कोण जाणे, पण मी ते तिच्याच नावावर मांडलं आणि अजून पुसलेलं नाही. पुढे मी टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला लागले, लग्नही झालं, आणि मोठ्या आईला ते कळवलं थेट पत्रिका छापून झाल्यावर.

ऐंशीच्या दशकात तिला नवी दिशा सापडली. आता भाज्यांवर औषध मारतात हे तिच्या कानी आलं होतं. पिकावर फवारतात त्याला सगळे औषधच म्हणतात, आणि हे औषध पोटात जाऊन माणूस आजारी पडतो, यात गंमत कोणालाच वाटत नाही. मोठ्या आईने औषधाची भाजी बंद केली. ती ओळखायची कशी, तर तिच्याकडे जुनीच कसोटी होती. ज्याला अळी लागते ते खरं. भेंडीला भोक पाहिजे, पानकोबीची पानं कुरतडलेली पाहिजेत, आणि वांगं तर भोकाशिवाय घ्यायचंच नाही. चकचकीत वांगं दिसलं की ती मेणाचं आहे म्हणायची. महालातल्या अर्ध्या बायांना तिने ही कसोटी शिकवली. बर्डीच्या बाजारात, कॉटन मार्केटात ती भाजी घ्यायला निघाली की भाजीवाले खूश व्हायचे. दिवसभर जे बाजूला काढून ठेवलेलं असायचं ते सगळं तिच्या पिशवीत जायचं, आणि तेही चांगल्याच्या भावाने. घरी नेऊन ती किडका भाग कापून टाकत असे. ती काही वेडी नव्हती. भोक लोकांना दाखवण्यापुरतं होतं.

त्याच सुमारास तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. लग्नाआधी नवरदेवाला आणि त्याच्या घरच्यांना नातलगांनी जेवायला बोलवायचं, त्याला आमच्याकडे गडगनेर म्हणतात, इतर ठिकाणी केळवण म्हणतात. धाकट्या घराचं गडगनेर सगळ्यात आधी. महिना मार्गशीर्ष होता, वांग्यांचे दिवस. आईने मला मदतीला माहेरी बोलावलं. बोलावणं करायला मी महालात गेले, तेव्हा मोठ्या आईने पाण्याचा पेला माझ्या हातात देत विचारलं की भाजी कुठून आणणार आहात, कारण आता आम्हाला औषधाचं चालत नाही.

चालत नाही. तोच शब्द, तोच सूर. मी पाणी प्यायले आणि म्हटलं की तुमच्यासाठी खास गावरानीच आणते, मोठ्या आई, भोकं पाहून.

घरी येताना माझं ठरलं होतं. रिवाज नसताना मी मुलीच्या आईलाही बोलावलं, म्हणजे मोठ्या आईच्या होणाऱ्या विहिणीला. ती कामठीची, शांत स्वभावाची बाई होती. आईने विचारलं की त्यांना काहून, तर मी म्हटलं, ओळख होते. मला ओळखीशी काही घेणं नव्हतं. मला पाहणारं माणूस हवं होतं. आईला वाकलेली पाहायला बाया होत्या, तर हिलाही कोणीतरी हवंच. आणि नव्या विहिणीपेक्षा चांगलं कोण असणार?

कॉटन मार्केटात मी आधी सगळ्यांसाठी चांगली वांगी घेतली, लहान, काटेरी देठाची. मग भाजीवाल्याला किडकी मागितली. त्याने पोत्याखालून टोपली ओढली आणि विचारलं, "गाईले पाहिजे का बाई?"

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

भरली वांगी करताना वांग्याला चार चिरा देऊन आत पाहतात, मग मिठाच्या पाण्यात टाकतात. मी त्या टोपलीतल्या वांग्यांना चिरा दिल्या, आत पाहिलं, आणि ज्यात अळी होती तेवढीच ठेवली. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, सगळा मसाला हात राखून न ठेवता भरला. माझ्या हाताची वांगी नेहमी चांगली होतात आणि त्या दिवशी तर फारच चांगली झाली. बाकीच्यांची वांगी कढईत केली आणि ही लहान पितळी पातेलीत. अळी खाऊन माणूस मरत नाही. मिलो खाऊनही आम्ही मेलो नव्हतो.

आई चुलीशी पुरणपोळ्या लाटत होती. लहान पातेली वेगळी कशासाठी, असं तिने विचारलं. मोठ्या आईसाठी, गावरानी आहेत, मी म्हटलं. आईने झाकण उचललं. देठाजवळची भोकं शिजूनही दिसत होती. तिने एकदा पातेलीत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, झाकण नीट बसवलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली. ती रागावेल, पातेली उचलून मागे नेऊन ओतेल, असं मला वाटलं होतं. तिने काहीच केलं नाही, आणि मला वाटलं की हिला समजलंच नाही.

पंगत बसली. बाबा आणि मोठे बाबा भिंतीकडे, नवरदेव पाटावर, आणि समोरच्या ओळीत मोठी आई आणि तिच्या शेजारी विहीण. मोठ्या आईने नवी नारायणपेठ नेसली होती. मी मीठ-लिंबू वाढत असतानाच तिने विहिणीला धडा द्यायला सुरुवात केली होती. कामठीला भाजी कशी मिळते, औषधाची तर नाही ना घेत, पोरीला काय खायला घालून वाढवलं. विहीण बिचारी म्हणाली की आमच्याकडची वांगी फार छान असतात, अगदी चकचकीत. मोठी आई हसली. तिने विहिणीला सांगितलं की तुमची पोरगी आमच्या घरी येऊन शिकेल, चकचकीत ते विष, आणि भोक असेल तेच खरं. विहिणीने मान खाली घातली. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. तेव्हा माझ्या मनात जरा जरी मागेपुढे होत असेल तर ते तिथे संपलं.

मी कढईतली वांगी सगळ्यांना वाढली. मोठ्या आईपाशी आल्यावर कढई खाली ठेवली आणि पितळी पातेली घेतली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ही खास मोठ्या आईची, एकेक भोक पाहून घेतलेली. तिला फार बरं वाटलं. तिने विहिणीकडे पाहिलं, पाहा असं डोळ्यांनीच म्हटलं, आणि मी दोन वांगी तिच्या ताटात ठेवली.

तिने पहिला घास पोळीत धरून खाल्ला आणि मसाल्याचं कौतुक केलं. मग उरलेलं अर्धं वांगं बोटाने उघडलं. मी उभी होते तिथून मला ती दिसली, शिजून पांढरी पडलेली, मसाल्यात आडवी, आणि मागे काळा भुसा. मोठ्या आईलाही दिसली. तिचा हात ताटातच थांबला. तिने अर्ध्या वांग्याकडे पाहिलं, जे नव्हतं. ते आधीच तिच्या पोटात होतं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या नजरेला नजर दिली. माझ्या आयुष्यात मी इतकी शांत कधी उभी राहिले नसेन.

"काय झालं बाई?" विहिणीने विचारलं.

मोठ्या आईला ओरडता आलं असतं. अळी वाढली मला, असं सांगून पानावरून उठता आलं असतं, आणि आमच्या घराचं नाव नातेवाइकांत कायमचं गेलं असतं. पण तिने आताच त्या बाईला अळीचं माहात्म्य शिकवलं होतं. उठली असती तर विहीण हसली असती, आणि ते हसणं कामठीपासून महालापर्यंत पोहोचलं असतं. तिने हे सगळं मनात तोललं. मी तिला तोलताना पाहत होते.

"काही नाही," ती म्हणाली. "गावरानी आहे."

आणि तिने ते मसाल्याखाली ढकललं, पोळीत धरलं आणि गिळलं. चावलं नाही. घटाघटा पाणी प्यायली. विहिणीने विश्वासाने विचारलं की चांगलं आहे का, आणि तिला हो म्हणावं लागलं.

गडगनेराच्या पंगतीत आग्रह हा धर्म असतो. वरमायला नाही म्हणता येत नाही, यजमानाला थांबता येत नाही. मी वाकून म्हटलं, मोठ्या आई, आणखी एक घ्या, तुमच्यासाठीच केली आहेत. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. बाबांनीही तिकडून म्हटलं, घ्या नं वहिनी. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, ते मनापासून आग्रह करत होते. मोठी आई पोट भरलं म्हणाली, आणि तिने ताटावर हात आडवा धरला. पाची बोटं पसरून.

माझा डाव तिथेच थांबला. तो हात मी ओळखला. मला वाटलं होतं की मी आता हसेन, पण हातातली पातेली जड झाली. एवढं सगळं जुळवून आणलं होतं, आणि पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना.

मागून कोणीतरी माझ्या हातातली पातेली घेतली. आई चुलीपासून उठून आली होती, हाताला पीठ, पदर खोचलेला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मोठ्या आईसमोर वाकली, जशी तेव्हा वाकली होती तशीच, आणि पातेलीतलं सगळ्यात मोठं वांगं डावात घेतलं. त्याच्या देठाजवळचं भोक आपल्याकडे नव्हे, मोठ्या आईकडे येईल असा तिने डाव फिरवला. पंगतीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या, कारण आई कधी बाहेर येऊन वाढत नसे.

"हात काढा बाई," आई म्हणाली. "कंट्रोलचं नाही आहे हे."

मोठ्या आईने आईकडे पाहिलं. तिला आठवलं की नाही, अशी मला शंका होती, कारण ज्याने हात आडवा धरला तो विसरतो. पण तिला आठवलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आई वाकलेली तशीच राहिली, तिला घाई नव्हती.

मोठ्या आईने हात काढला. आईने वांगं वाढलं, वर रस्सा घातला, आणि ती खाईपर्यंत समोरून हलली नाही.